माझ्याकडे मोबाईल नव्हता

"ऊठ. मागं जा."

धनू जीपच्या दाराला धरून उभा होता. मी पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसलेली. आमच्या गावाहून परतूरला जाणारी काळीपिवळी जीप. कॉलेजची पोरं, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, कापसाच्या जिनिंगवर कामाला जाणारे गडी, सगळे तिच्यातच कोंबून बसायचे. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. त्या सकाळी सगळ्यात आधी मी आल्ते, म्हणून पुढं बसले. एवढंच.

धनू गावातल्या मोठ्या जमीनदाराचा पोरगा. माझ्याच वर्गात शिकायचा. पण ते परतूरला. गावात तो मालक होता आणि मी बौद्धवाड्यातली.

"मी आधी आल्ते," मी म्हणाले.

"आधी आल्ती म्हणून आमच्या म्होरं बसशील?"

मी उठले न्हाई. तो शिव्या देत मागं जाऊन बसला. रस्ताभर जीपमधे कुणी शब्द काढला न्हाई. मला वाटलं, संपलं.

परतूरच्या जीपस्टँडवर खाली पाय ठेवला आणि वेणीला हिसका बसला. मी पाठीवर पडले. धनूनं वेणी हाताला गुंडाळून मला उभी केली आणि थोबाडीत दिली. दाढेतून रक्त आलं. दुसरी दिली तेव्हा कानात नुसतं गुंईं व्हायला लागलं. त्याचा जोडीदार समोर मोबाईल धरून उभा होता. कॅमेऱ्याचे मोबाईल तेव्हा आमच्याकडं नवेनवे आल्ते. तो हसत होता आणि म्हणत होता, "जरा इकडं वळव तिला."

"कान धर. म्हण, चुकले मालक."

मी तोंड उघडलं न्हाई. त्यानं माझं डोकं जीपच्या पत्र्यावर आपटलं. मंग मी म्हणाले.

ज्यांच्या मांडीला मांडी लावून मी आल्ते, ती माणसं भोवती उभी होती. ड्रायव्हर पैसे गोळा करून राह्यला होता. मी नळावर तोंड धुतलं आणि वर्गात जाऊन बसले.

मार मी पचवला असता. आमच्या आजीनं खाल्ला, आईनं खाल्ला, मार आमच्या घरात नवा नव्हता. पण तो मार एकदा होऊन संपायचा. हा संपतच नव्हता. चारच दिवसांत ती क्लिप कॉलेजभर झाली. ब्लूटूथ चालू केलं की ह्याच्यातून त्याच्यात. क्लिपला नाव दिल्तं, माझं आणि माझ्या जातीचं. मोबाईलच्या दुकानात कुणी गाणी भरायला गेलं की दुकानदार गाण्यांसोबत तीही टाकून द्यायचा.

मंग कुणीतरी तिचा आवाज कापून रिंगटोन केली.

मला ते लायब्ररीत कळलं. मागच्या टेबलावर फोन वाजला. चट्. चट्. आणि माझा आवाज. "चुकले मालक." टेबलावरची पोरं तोंड दाबून हसली. एक पोरगी हसली न्हाई, पण तिनं पुस्तकात तोंड घातलं. दिवसातून कितीदा तरी मी मार खाऊन राह्यले होते, आणि मारणारा जागेवर नव्हतासुद्धा. बसमधे, झेरॉक्सच्या दुकानात, चहाच्या गाड्यावर. कुणाचाही फोन वाजला की माझी मान आपोआप आखडायची. गाल गरम व्हायचा. खरंच गरम व्हायचा.

माझा भाऊ मिलिंद परतूरच्या जिनिंगमधे गठाण उचलायचा. त्याच्या कानाशी फोन धरून तिथल्या पोरांनी रिंगटोन वाजवली. "तुझ्या बहिणीचं गाणं ऐक," म्हणाले. तो घरी आला, दार लावलं आणि कमरेचा पट्टा काढला.

"उठून मागं का गेली न्हाईस? काय झिजलं असतं तुझं?"

पाठीवर, दंडावर, जिथं लागेल तिथं. पट्ट्याचं बक्कल मनगटावर बसलं. आई मधे पडली. तिच्याही खांद्यावर एक बसला. तिनं पट्टा धरला आणि सोडलाच न्हाई.

"त्यांच्या दारात जायची छाती न्हाई तुझी," ती म्हणाली. "म्हणून हिला मारून राह्यला."

मिलिंद भिंतीला डोकं लावून रडला. माझं कॉलेज मात्र बंद झालं. बापानं सांगितलं, "बाहेर निघू नको. लोक विसरतील."

लोक विसरले न्हाईत. एका दुपारी मी धुणं वाळू घालत होते. समोर आमच्याच वाड्यातल्या पोरी खेळत होत्या. एक धनू झाली होती. एक मी झाली होती. मी झालेल्या पोरीनं कान धरले आणि अगदी माझ्या सुरात म्हणाली, "चुकले मालक." बाकीच्या खिदळल्या. मंग त्यांनी पाळी बदलली. आता दुसरीनं कान धरले.

मी बादली तिथंच टाकली. ते शब्द माझ्या तोंडून निघाले होते आणि आता आमच्या पोरी ते पाठ करून राह्यल्या होत्या. हसत हसत. माझ्यानंतर त्यांना कुणी मारायचीसुद्धा गरज राहणार न्हाई, हे मला तिथं दोरीजवळ उभ्या उभ्या कळलं.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी परतूरला गेले. धनू स्टँडवर, पानटपरीजवळ मोटारसायकलवर बसलेला होता. मला बघून त्यानं मोबाईल वर धरला आणि रिंगटोन लावली. टपरीवरचे वळून बघायला लागले.

"म्हण की सोबत," तो म्हणाला.

मी त्याच्या हातातला मोबाईल हिसकला आणि फरशीवर आपटला. माझा आवाज अर्ध्यात तुटला. पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. एकदाच न्हाई. त्याचं नाक फुटलं. तो मोटारसायकलसकट आडवा झाला, तरी मी मारत होते. मंग त्याचे जोडीदार आले. त्यांनी मला ओढत गटारीपर्यंत नेलं. एकानं माझ्या हातावर पाय ठेवला, दुसऱ्यानं त्याच हातावर दगड घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

त्या दिवशी कुणीच मोबाईल बाहेर काढला न्हाई.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाला, "कोणती क्लिप? ती का?" आणि स्वतःच्या खिशातला फोन काढून मला दाखवली. त्याच्याकडं होती. वाड्यातल्या बाया दिवसभर ठाण्यासमोर बसल्या, मिलिंद त्यांच्यात पुढं बसला, तेव्हा कुठं ॲट्रॉसिटीचा गुन्हा लिहून घेतला. माझ्यावरही लिहिला. मारहाणीचा आणि मोबाईल फोडल्याचा.

हात प्लास्टरमधे घेऊन मी कॉलेजात परत गेले. महिन्याभरानं औरंगाबादहून एक बाई आल्या. मोबाईलवरून होणाऱ्या छळाचा अभ्यास करत होत्या. प्राचार्यांनी सगळ्या मुलींना हॉलमधे बसवलं. मुलांना सुट्टी दिली. बाईंनी बोलायच्या आधी प्राचार्यच बोलले.

"मुलींनी मोबाईल वापरू नये. आपले फोटो कुणाला देऊ नयेत. काळजी घेतली तर असले प्रकार होतच नाहीत."

मी उठले.

"सर, माझ्याकडं मोबाईल नव्हता. आजही न्हाई. मी कुणाला फोटो दिला न्हाई. मी जीपमधे बसले होते."

प्राचार्य म्हणाले, "खाली बस. हा वैयक्तिक विषय आहे."

"सगळ्या कॉलेजच्या फोनमधे हाय, सर. वैयक्तिक कसा?"

बाईंनी हात करून प्राचार्यांना थांबवलं. मला विचारलं, "तुला काय वाटतं? हे कशानं थांबलं असतं?"

असं मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. पोलिसांनी न्हाई, घरच्यांनी न्हाई.

"जीपमधल्या एकानं धनूचा हात धरला असता तर थांबलं असतं," मी म्हणाले. "न्हाई धरला. मंग ज्याच्या फोनमधे आली त्यानं तिथंच पुसून टाकली असती, तर तिथं थांबलं असतं. तुम्ही चुकीच्या लोकांना हॉलमधे बसवलंय, मॅडम. पोरांना बोलवा. आणि आधी ह्यांना विचारा, ह्यांच्या फोनमधे हाय का?"

मी प्राचार्यांकडं बोट केलं. त्यांनी खिशावर हात ठेवला.

बाई माझं बोलणं लिहून घेऊन गेल्या. पुढं काय केलं, माहीत न्हाई. मी त्यांची वाट बघत बसले न्हाई.

धनूच्या बापानं गावातली माणसं मिटवायला पाठवली. आमच्या दारात बसून ते म्हणाले, पोरगा माफी मागेल, तूही केस मागं घे. बापानं माझ्याकडं पाह्यलं. मी म्हणाले, "मला माफी नको. मला निकाल पाहिजे." त्यानंतर बापाला गावात कुणी कामाला बोलावलं न्हाई. आम्ही परगावी मजुरीला जायला लागलो. केस मागं घेतली न्हाई.

वकील म्हणाले, साक्षीदार लागतील. मी जीपमधल्या एकेकाच्या दारात गेले. ड्रायव्हर म्हणाला, "मला ह्याच रोडवर गाडी चालवायची हाय." जिनिंगवरच्या गड्यानं आतूनच सांगितलं, घरी न्हाई. भाजीवाली कौसाबाई माझ्यासमोर हात जोडून उभी राह्यली. "बाई, मी त्यांच्याच मळ्यातली भाजी विकते. मी काही पाह्यलं न्हाई."

"पाह्यलं, मावशे. स्टँडवर मी पडले तेव्हा तुमच्या पाटीतली वांगी माझ्या अंगावर सांडली होती."

तिनं मान खाली घातली.

मी पाया पडले न्हाई. रडले न्हाई. सगळ्यांना सांगितलं तेच तिलाही सांगितलं.

"मी सगळ्यांची नावं दिलीत. समन्स घरी येईल. तुम्हाला कोर्टात यावंच लागंल. काही पाह्यलं न्हाई म्हणायचं असलं तर म्हणा. पण जजसाहेबाकडं बघून न्हाई. माझ्या तोंडाकडं बघून म्हणायचं. मी समोरच उभी राहणार हाय. तुम्ही नजर वर करस्तोवर उभी राहणार हाय."