आधीच मानलेले आभार

वाटूरची सगुणाबाई देवाशीसुद्धा रोकठोक बोलायची. निजामाच्या अमदानीत तिच्या सासऱ्यानं घरादारासकट बाप्तिस्मा घेतला, तेव्हा भावकीनं रोटीबेटी बंद केली. पण ही सून कुणापुढं मान खाली घालून गेली नाही.

त्यांच्या इवल्याशा ख्रिस्ती मंडळीत एक रीत होती. प्रार्थना ऐकली गेली की रविवारी कोंबडी, नाहीतर पाटीभर ज्वारी आणायची आणि सगळ्यांदेखत देवाचे आभार मानायचे. आधी मागणं, मिळालं की आभार.

एका श्रावणात तिची एकुलती एक लेक रूथ तापानं फणफणली. रविवारी पहाटे नवरा कडूबा म्हणाला, "गाडी जुंपतो. जालन्याच्या दवाखान्यात नेऊ. जल्दी कर."

पण मागच्याच रविवारच्या उपदेशात मंडळी सांभाळणाऱ्या दानिएल मास्तरांनी सांगितलं होतं, मागताना मिळालंच आहे असा भरवसा धरा. मास्तर बोलून मोकळे झाले; सगुणानं ते पदरात बांधून घेतलं.

"आधी आभार मानून येते, मंग निघू," ती म्हणाली. "त्यानं शब्द दिलाय. आपण बिलकुल शंका घ्यायची न्हाई."

कडूबा बैल जुंपायला गेला. बायकोच्या श्रद्धेपुढं तो नेहमीच गप्प बसायचा, आणि तिथंच घात झाला.

कोंबडी काखेत मारून ती देवळात गेली. "देवा, लेक बरी केलीस, तुझे लई उपकार," म्हणाली. लोकांनी ढोलकीवर भजन धरलं. पोर उठून बसली असेल असं मास्तरांना वाटलं. त्यांनी विचारलंच नाही.

ती परतली तेव्हा दारात बैल जुंपलेले होते. कडूबाच्या मांडीवर लेक गार पडली होती. त्यानं बायकोला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर तिला रडता तरी आलं असतं.

मास्तर घरी आले. "बाई, मीच बराबर समजावलं न्हाई."

"तुम्ही सांगितलं, मी भरवसा धरला. त्यात मी कसूर केली न्हाई, मास्तर."

पुढच्या रविवारी ती आपल्या जागी येऊन बसली. प्रार्थनेच्या वेळी उभी राहिली.

"देवा, तुला सोडून मी जाणार न्हाई. जाऊ कुठं? माझी लेक तुझ्यापाशी हाय. पण आज मला आभार मागू नको."

आमेन म्हणायला कुणाचीच जीभ उचलेना. मास्तरांचीसुद्धा नाही. शेवटी कडूबा, जो मंडळीत कधी बोलला नव्हता, तोच म्हणाला, "आमेन."