डॉक्टरले मी दोनदा ‘आत्ताच’ म्हनली

तवा तिथं कोन कोन होतं, थे आधी सांगते. माही लेक वनिता. ननंद कमल. आमचे मालक — थे निरोप भेटल्यावर मागून आले. एक तरना डॉक्टर, त्याचं नाव मी कधी इचारलं नाई. अन् मी. कमल गेली, मालक गेले. वनिता तर तवाच गेली. आता सांगनारं माह्याशिवाय कोनी उरलं नाई — अन् मी आजपावतर कोनालेच सांगतलं नाई. पोटच्या पोरालेबी नाई. मी चौथी शिकली. जसं बोलते तसं लिहून राहिली.

मग आताच काहून?

नातवामुळं. प्रशिक मुंबईले मालिकेत काम करते. मोबाईलवर पाहाची मालिका, मंगळावरच्या गावाची. त्यात त्याले अपघात विभागातल्या डॉक्टरचं काम भेटलं — एवढूसं. येते, दोन गोष्टी बोलते, जाते. तरी वलगावात आमच्या घरी सारी गल्ली जमली. सून म्हने, “बारावीत गचकला, अन् मंगळावर जाऊन डॉक्टर झाला माहा लेक!” शेजारची शांता म्हने, “तिथं परीक्षा नसन ओ!” सारे हासले. मीबी हासली.

मग तो आला. पांढरा कोट. एका बाईनं नवऱ्याले आनलं होतं, कशाचं तरी इख अंगात गेलेलं. प्रशिकनं इचारलं, कधी झालं हे? बाई म्हनली, आत्ताच. त्यानं एक दिवा त्या मानसाच्या नखावर धरला, अन् भिंतीवर उमटलं — सकाळपासून. बाई खोटी! प्रशिकनं तिच्याकडं नुसतं पाहिलं, अन् कामाले लागला. मानूस वाचला.

पोट्टे टाळ्या वाजवून राहिले होते. मी उठली. पानी पेली — बसली — पुन्हा उठली. सून म्हने, “आई, बसा ना, तुमचाच नातू हाये.” कसं बसू? वनिताले नेली त्या अकोल्याच्या दवाखान्यात तसा दिवा नव्हता, बाप्पा. तिथं मी जे म्हनली तेच खरं होतं.

तवा आमी पातूरकडं राहो. कापूस येचून राहिलो होतो, अन् वनिताच्या पायाले चावलं. कमल वरडली, “वहिनी, साप गेला! म्या पाहिला!” आता तुमी म्हनसान, सरळ दवाखान्यात काहून नाई गेली? दवाखाना मालूम नव्हता का मले? मालूम होता. पन भगत जवळ होता, अन् माहे पाय तिकडं गेले. त्यानं फुकलं, मंत्र म्हनला, पोरीले कडूनिंबाचा पाला चावाले देल्ला. कडू लागते, म्हनली ती. मग इख उतरलं, म्हने तो. आमी तिथंच बसून राहिलो, ऊन कलेपावतर. पोरीचं पोट दुखाले लागलं, तवा कुठं जीप पाहिली.

आमच्या मालकानं घरातले देव बाहेर काढले होते. बावीस प्रतिज्ञा त्याईले तोंडपाठ, विहारात थेच साऱ्याकडून म्हनवून घेत. भगताच्या दारात गेलेल्या मानसाले थे घरी पानी नाई पाजत. अन् त्याईचीच बायको — जीपमधी मी कमलले म्हनली, “दादाले सांगशीन त मी मेली समज.” ती रडत होती. तिनं हो म्हनून मान हलवली.

अकोल्याले पोचलो, तवा डॉक्टरनं इचारलं, “कधी चावलं?”

“आत्ताच.”

पायाले सूज नव्हती. तेवढ्यात ट्रक उलटलेली मानसं आनली, रक्तानं भरलेली. तो सिस्टरले म्हनला, “हिच्यावर नजर ठेवा,” अन् तिकडं धावला. मी बाकड्यावर. सांगू? — उठली. बसली. ओठापावतर आलं होतं — अन् मालक दारातून येतानी दिसले. मी गिळून टाकलं. त्याईलेबी तेच सांगतलं, चावल्या चावल्या आनली म्हनून.

मग वनिताच्या पापन्या पडल्या. डॉक्टर धावत आला, सुया देल्ल्या, नळी घातली, घामानं निथळून गेला. नाई राहिली पोरगी.

मालकानं त्याची कॉलर धरली. “आनल्या आनल्या तुह्या पुढ्यात ठेवली, अन् तू हिले तशीच पाडून ठेवली!” थापड मारली. त्यानं हात उचलला नाई. माह्याकडं पाहून इचारलं, “बाई, खरं सांगा. आत्ताच चावलं होतं ना?”

पहिल्यांदा भेवानं बोलली, म्हनता येईन. पन या येळी? पोरगी त गेली होती. आता वाचवाचं काय होतं — माहं तोंड? कमल माह्याकडं पाहून राहिली होती. मी म्हनली, “आत्ताच.”

मग बाकीचे लोकंबी धावले. लय मारलं त्याले. चष्मा फुटला, तोंडातून रक्त आलं. मी उभी होती.

मागून आयकलं, त्याची दूर जंगलात, धारनीकडं बदली झाली. खरं-खोटं मालूम नाई. मालक मरेपावतर म्हनत, डॉक्टरनं मारली माही पोरगी. मी त्याईले भाकर वाढत राहिली.

खरं बोलली असती त वनिता वाचली असती का? नाई मालूम. पन त्या पोरानं मार खाल्ला नसता, एवढं मालूम हाये.

वाचनाऱ्या मानसा, एक काम कर. अकोल्याले तरनेपनी असा मार खाल्लेला कोनी डॉक्टर तुले भेटला — आता त्याचेबी केस पिकले असतीन — त त्याले सांग, त्या बाईनं पोरगी आधी भगताकडं नेली होती, उशीर तुमी नाई केला. माह्या वतीनं माफी मागू नको. एवढंच सांगजो.