आईपण मोजणारी

“कधीच नाही, कधी कधी, की नेहमी?” कुणी कसलीही तक्रार केली, की आमची भाडेकरू एक, दोन, तीन अशी बोटं उघडत हे विचारायची. आमची मुलगी दूध टाकते म्हटलं, तरी तेच. “ऑलवेज लाह!” असं सिंगापुरी थाटातलं उत्तर आमची मुलगीच ठोकून द्यायची.

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली तिने २०१४ साली भाड्याने घेतली. ती फिलिपिन्सची, जवळच्या विद्यापीठात संशोधन करणारी. तिच्या देशातली कॉलेजची मुलं घरी आपल्याच आईवडिलांचे आईवडील किती होऊन बसली आहेत, हे मोजायची प्रश्नावली ती तयार करत होती. ‘घरातलं भांडण मी मिटवते’, ‘धाकट्यांच्या पालकसभेला मी जाते’, अशी वाक्यं आणि पुढे तीच तीन उत्तरं. मी बँकेत नोकरी करणारी, मोजमाप मला नवं नाही. पण आईपण मोजायला निघालेली ही पहिलीच भेटली.

आणि हिचं स्वतःचं काय? सकाळी मी चांगीच्या ऑफिसला निघायच्या धांदलीत असायची, तेव्हा लॅपटॉपवर हिची गावाकडच्या आईशी बातचीत चाललेली. “मा, गोळी घेतलीस? जीभ दाखव बघू.” आई बापडी जीभ दाखवायची. आई तिला ‘आते’ म्हणायची. त्यांच्यात आते म्हणजे ताई. थोरलीला ताई म्हणणाऱ्या आया तुम्हीही पाहिल्या असतील, त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

एकदा ती जेवणाच्या टेबलाशी कपाळाला हात लावून बसली होती. “आंटी, मुलं सगळीकडे ‘नेहमी’ लिहितात. वर म्हणतात, आम्हाला याचा अभिमान आहे. मग मी हे ओझं म्हणून मोजू, की माया म्हणून?”

“ते राहू दे. तू जेवलीस का, हे तुला कोण विचारतं?”

ती हसली आणि एकच बोट वर केलं. कधीच नाही. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी तिला आग्रह करकरून पोळ्या वाढल्या, पण तिला हवं होतं ते माझ्या हातात नव्हतं.

काम संपल्यावर तिने आईला सिंगापूर बघायला आणलं. खाऊगल्लीसारख्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला बसलो, तशी हिने सवयीने आईची थाळी ओढली, माशाचे काटे काढायला. आईने तिच्या हातावर चापट मारली. मग स्वतःच सावकाश काटे काढले, भाताबरोबर घास केला आणि लेकीच्या तोंडापुढे धरला.

“काइन ना, अनाक.”

काइन ना म्हणजे जेव आता, अनाक म्हणजे लेकरू, हे कुणी मला सांगायची गरज पडली नाही. तिने तोंड उघडलं. घास चावताना तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघी गेल्या. विमानतळावर काचेपलीकडून तिने वळून मला दोन बोटं दाखवली. शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, फोटोसाठी करतेय वाटतं. जेवणाच्या टेबलावरच्या माझ्या प्रश्नाचं नवं उत्तर ती मला सांगत होती: कधी कधी.