पाटलांची तीन मिनिटं

शेलूबाजारला मी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा माझं वय बावीस होतं आणि शिक्षण सहावी. सहावीही धड नाही, परीक्षेच्या आधीच शाळा सुटली होती. घर रत्नागिरीकडे, खाडीच्या काठी. चुलते मूर्तिजापूरला रेल्वेत होते, त्यांनी बोलावून एका रेडिओवाल्याकडे चिकटवलं. चार वर्षांनी त्या मालकानंच सांगितलं, शेलूबाजारला जा, तिथं रेडिओ पुष्कळ आहेत आणि मिस्त्री एकही नाही.

मला आठवतं ते हे की, तिथं उतरलो तेव्हा माझ्याकडे पेटी, पांघरूण आणि भीती एवढंच होतं. बोली निम्मी कळायची नाही. मी तोंड उघडलं की लोक हसायचे. पण दोन माणसांनी मला ठेवून घेतलं, आणि त्यांचं ऋण मी अजून मानतो.

एक पाटील. सडकेच्या काठाला त्यांच्या चार खोल्या होत्या, त्यांतली एक मला दिली. भाडं विचारलं तर म्हणाले, "भाडं कायचं बे? माहा रेडिओ बिघडला का तेवढा करून देजो."

दुसरे पोस्टमन. गावात सगळे त्यांना पोस्टमनभाऊच म्हणत. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, पोराला शिकवलं होतं, आणि पोरगा सरकारी नोकरीत लागला होता. पहिल्याच पावसाळ्यात मला ताप आला, तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, पंधरा दिवस मला घरी ठेवून घेतलं. नंतर दोन्ही वेळचं जेवण तिथंच ठरलं. "आमच्या घरचं चालते ना तुले?" असं त्यांनी पहिल्या दिवशी एकदाच विचारलं. मी हो म्हणालो. पुन्हा तो विषय निघाला नाही.

आता चर्चेचं सांगतो.

रेडिओवर आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, अर्ध्या तासाची चर्चा लागायची. एक विचारणारा आणि तीन बोलणारे. सरकारनं काय केलं, का केलं, ते बरोबर की चूक. दुसऱ्या दिवशी शेलूबाजारचा बाजार असायचा. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून, आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं यायची. बहुतेकांकडे रेडिओ नव्हते. ते यायचे आणि विचारायचे, "काल काय म्हणले गड्या रेडिओत?"

त्यातून एक पद्धत पडली. मी येण्याच्या आधीपासूनची. संध्याकाळी रेडिओपुढं बसताना तिघांनी एकेक बोलणारा वाटून घ्यायचा. "प्रोफेसर माह्याकडं, तू तो साहेब धर." आपला माणूस काय बोलतो ते डोक्यात ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात, माझ्या दुकानापुढच्या लिंबाखाली, ते जसंच्या तसं सांगायचं. आधी त्याचं, मग वाटलं तर आपलं. प्रत्येकाला आठ मिनिटं. भोवती शंभरेक माणसं उभी राहायची, कोणी मिरच्यांचं टोपलं खाली ठेवून, कोणी बकरीची दोरी धरून.

विचारणारा मात्र टिकायचा नाही. गावात प्रत्येकाची भावकी, प्रत्येकाचा पक्ष. कोणीही मध्ये बसला तरी "हा त्याच्या सोयऱ्याले जादा बोलू देते" अशी कलागत व्हायचीच. मला सहा महिने झाल्यावर एका बाजारी पोस्टमनभाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्या कोकण्याले बसवा. याले ना भावकी, ना जमीन, ना मत. याचं नाव यादीतच नाई."

लोक हसले, पण मला बसवलं. मी लिंबाखालच्या फळीला सायकलची घंटी ठोकली, दुकानातलं टेबलावरचं घड्याळ आणलं, आणि एक पाटी. कोणी कधी सुरू केलं ते पाटीवर खडूनं लिहायचो. सडकेवर एसटीची गाडी थांबली की काही ऐकू येत नसे, म्हणून गाडी येऊन जाईस्तोवर बोलणाऱ्यानं थांबायचं आणि तेवढी मिनिटं धरायची नाहीत, हा माझा नियम. सहावीही न झालेल्या माणसाला कोणी विचारत नाही, पण घंटी वाजली की हेडमास्तरही गप्प बसायचे. ते मला आवडत होतं, खोटं कशाला सांगू. आणि तितकीच धाकधूकही होती. सगळ्यांची मर्जी राखून राहणारा मी, आणि दर आठवड्याला कोणाचं तरी बोलणं तोडायचो.

आणीबाणीत ही चर्चा मेल्यासारखी झाली. रेडिओवर तिघंही एकच बोलायचे. एक म्हातारा म्हणाला होता, "तीन माणसाईचा खर्च काहून करते सरकार? एकानंच बोलावं." दोन वर्षं आम्ही बाजारात पिकाच्या फवारणीवर बोललो. मग ते दिवस सरले आणि रेडिओवर पुन्हा जरा वादावादी ऐकू येऊ लागली.

त्याच सुमारास, कापूस फुटला होता त्या दिवसांत, रोजगार हमीवर चर्चा लागली. एक साहेब, एक प्रोफेसर आणि एक मोठे शेतकरी. आमच्याकडे हमीचं सडकेचं काम सुरू होतं. बाया खडी फोडायला जात होत्या, आणि पाटलांच्या शेतात वेचणीला माणूस मिळेना झालं होतं.

पाटील एरवी चर्चेत पडत नसत. त्या संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बाकावर बसले आणि म्हणाले, "शेतकरी माह्याकडं."

"ध्यानात ठेवा लागते पाटील," पोस्टमनभाऊ म्हणाले. त्यांनी प्रोफेसर घेतला होता.

"ध्यानात कायले ठेवा लागते? मीच आहो तो."

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली जागा नव्हती. साहेबाचं आटपलं. पोस्टमनभाऊंनी प्रोफेसर सांगितला आणि मग आपलं सांगितलं. ते आवाज चढवत नसत. "कामाची हमी म्हंजे काय, तर 'आज काम नाई' हे आयकून घरी वापस जायाची पाळी येऊ नये. बस. पोटाले लागते तेवढं मांगणं काई गुन्हा हाय का?" बायांनी मान डोलावली. आठ मिनिटांना घंटी वाजली आणि ते बसले.

पाटील उठले. मी पाटीवर लिहिलं, अकरा दहा.  एका बाजूला ज्याच्या छपराखाली राहतो तो माणूस, दुसऱ्या बाजूला ज्याच्या ताटात जेवतो तो. सगळा बाजार माझ्याकडे बघत होता, खोलीमुळे हा पाटलाला जादा वेळ देतो की काय म्हणून. मी ठरवलं, एक मिनिटसुद्धा वर जाऊ द्यायचं नाही. घड्याळावरची नजर काढलीच नाही.

मध्ये मंगरूळपीरची गाडी आली. थांबली, उतरणारे उतरले, टपावर दोन पोती चढली, मग गेली. पाटील पुन्हा बोलू लागले. अकरा अठरा.

"या हमीच्या कामानं मजूर शेफारला," पाटील म्हणाले, "पन..."

मी घंटी वाजवली.

"अबे थांब, होऊ दे पुरं."

मी परत वाजवली. कोणीतरी मागून ओरडलं, "पाटील, घंटीपुढं पाटीलकी नाई चालत!" केवढा हशा. पाटलांनी माझ्याकडे बघितलं. उपरणं झटकलं आणि गर्दीतून निघून गेले.

पोस्टमनभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला तेव्हा धन्य वाटलं.

बाजार पांगला तसं ते वाक्य गावोगाव गेलं. मजूर शेफारला, पाटील म्हणे. दिवस कलायच्या आत परत इथं आलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेतावर वेचणीला जाणाऱ्या बारा-पंधरा बायाही गेल्या नाहीत. "शेफारलो ना आमी? मंग तूच येच कापूस," असं एक बाई त्यांच्या दारापुढून बोलत गेली म्हणे. पांढरं झालेलं वावर तसंच उभं.

दुपारी पाटलांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या करारानं राहिलेला गडी, दुकानात आला. खाली बघून म्हणाला, "पाटलानं चाबी मांगतली, मिस्त्री."

मी अवजारं तरी घेऊ का, एवढंही विचारलं नाही. पेटी उचलली, कुलूप लावलं, चावी दिली. पेटीखेरीज पाटी तेवढी हातात राहिली. लिंबाखाली बसून मी तीच बघत बसलो, दुसरं काय करणार. मूर्तिजापूरला चुलत्यांकडे कोणत्या तोंडानं जायचं याचा विचार चालला होता.

पाटीवर माझंच अक्षर. पाटील, अकरा दहा. त्याखाली बारीक, गाडी, बारा ते पंधरा. मग अकरा अठरा.

पुन्हा वाचलं. गाडीची तीन मिनिटं मी लिहिली होती, पण धरली नव्हती. पाटील पाचच मिनिटं बोलले होते. "पन"च्या पुढं त्यांची तीन मिनिटं बाकी होती.

 हे सांगितलं तर लोक म्हणणार, चावी गेली म्हणून आता पाटलाची बाजू घेतो. आणि पोस्टमनभाऊंना काय वाटेल? नाही सांगितलं तर कोणालाच कळणार नव्हतं. पाटी पुसायला ओलं फडकं पुरे होतं.

जेवताना मी पोस्टमनभाऊंना पाटी दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, वहिनींना वाचून दाखवली.

"सांगून टाक," ते म्हणाले.

"पण तुमचं..."

"माह्यं काय? मले जितायचं असन तर पुऱ्या आठ मिनिटाच्या पाटलासंगं जितीन. पाच मिनिटाच्या पाटलासंगं जितून काय फायदा?"

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आन् घाबरून असा बारीक घास कायले घेऊन राह्यला? जेव आधी."

सकाळी मी पाटी घेऊन पाटलांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. मी पाटी पुढं धरली आणि गाडीचं सांगितलं.

"म्हंजे मी 'थांब' बोल्लो थे खरं होतं. वेळ नव्हती झाली."

"नव्हती झाली. माझं चुकलं."

"हे चाबीसाठी सांगून राह्यला?"

"चावी तुमचीच आहे पाटील. तुमची तीन मिनिटं माझ्याकडे आहेत, ती द्यायला आलो."

त्यांनी पाटी परत दिली. "जाय," एवढंच म्हणाले.

तो आठवडा मी पोस्टमनभाऊंच्या पडवीत काढला. इकडे दुकानात कोंडलेले रेडिओ अकरा. त्यांचे मालक दुकानाचं कुलूप बघायचे आणि तसेच पाटलांच्या ओसरीवर जायचे. "पाटील, भांडण तुमचं, पन माह्या रेडिओनं काय केलं?" गंमत म्हणजे खुद्द पाटलांचा रेडिओही आतच होता, नवा स्पीकर बसवायला दिलेला. चर्चेच्या संध्याकाळी सगळे चहाच्या हॉटेलात जमले, तिथल्या खरखरत्या रेडिओपुढं. पाटील आले आणि मागच्या बाकावर बसले. 

बाजाराच्या दिवशी मी लिंबाखाली उभा राहिलो. मागं दुकान बंद.  म्हणालो, "मागल्या बाजारी मी गाडीची वेळ धरली नाही. पाटलांचं बोलणं तीन मिनिटं आधीच तोडलं. आज आधी त्यांची तीन मिनिटं, मग चर्चा."

"चाबीनं बोलतं केलं रे कोकण्याले!" एक जण ओरडला.

"पाटी पाह्यली म्या," पोस्टमनभाऊ उठून म्हणाले. "त्याच्या बोलण्यात खोट नाई. पाटील, या."

पाटील पुढं आले. माझं घड्याळ दुकानात कोंडलेलं, म्हणून मी पोस्टमनभाऊंचं घड्याळ बघून पाटीवर लिहिलं.  मग मागच्या बाजारी जिथं तुटलं होतं तिथूनच त्यांनी सुरू केलं.

"पन," ते म्हणाले, "मजूर शेफारला असं आमी म्हणतो, कारन उन्हाळ्यात आमीच त्याले काम देत नाई. चार महिने तो काय खाते, हे आमी इचारत नाई. म्हनून माह्यं म्हणणं असं होतं का हमीचं काम उन्हाळ्यात दुप्पट काढा, आन् कापूस येचाच्या महिन्यात थोडं थांबवा. एवढंच बोलायचं होतं. शेफारला, हा शब्द मी वापस घेतो. थो मागल्या बाजारी घ्यायचा होता."

समोर मिरच्यांच्या टोपल्याजवळ एक बाई बसली होती, त्यांच्या दारापुढून बोलत गेली होती तीच. ती म्हणाली, "मंग हे मागल्या बाजारी काहून नाई बोल्ले?"

पाटलांनी माझ्याकडे बोट केलं. "यानं बोलू देल्लं नाई."

"हो," मी म्हणालो.

लोक हसले. बाईही पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "उद्या येतो मंग. पन मजुरी आत्ता बोला, सगळ्याईच्या समोर."

"हमीवर भेटते तेवढी," पाटील म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आखीन किती राह्यलं?"

"अर्धं मिनिट."

त्यांनी कोपरीच्या खिशातून चावी काढली आणि घंटीच्या फळीवर ठेवली. "हे घे. आन् माहा रेडिओ आधी काहाडजो, हॉटेलात काई आयकू येत नाई. आन् दुसरं..."

तेवढ्यात सडकेवर गाडी येऊन थांबली. पाटील आपणहून गप्प झाले. मी पाटीवर वेळ लिहिली. टपावर पोती चढत होती, चालक हॉर्न मारत होता, आणि आम्ही सगळे तसेच उभे राहिलो, पाटलांचं अर्धं मिनिट बाकी धरून.