वाकळीतला घास

"हा कोपरा उसव. सगळ्या वाकळींचा उसव. आन आत काय भरलंय ते माझ्या घरातनं बाहेर काढ."

शेटच्या बायकोनं कात्री माझ्या पुढ्यात टाकली. हातात दिली नाही. टाकली. माझ्या लेकीच्या वयाची बाई. मला अगंतुगं करायची.

मी साताऱ्यात त्यांच्या ओसरीच्या पायरीवर बसले होते. त्यांच्या आतल्या खोलीत एका वाकळीचा कोपरा उंदरानं कुरतडला होता. त्यातून भाकरीचा वाळका तुकडा खाली पडला होता. म्हणून मला मेढ्याहून बोलावून घेतलं होतं. वाकळींची चळत शेजारी आणून ठेवली होती.

तो तुकडा आमचाच. आम्ही बौद्धवाड्यातल्या बायका जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायचो. माझं माहेर सांगलीकडचं. तिथं माझी आई वाकळ शिवत आणली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास ठेवून तो बंद करायची. पांघरणारा उपाशी निजू नये म्हणून. आम्ही बौद्ध झालो तेव्हा घरातले देव काढले. घास राहिला. तो देवाचा नव्हता. मी तो सासरी आणला, वाड्यातल्या बायकांना शिकवला.

वाकळी आम्ही महाबळेश्वरच्या रस्त्याकडेला मांडून विकत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. एक गोरी बाई आली. हॉलंडची. तिकडं शाळेत शिकवायची. तिचा भाऊ कॉम्प्युटरातला. तो आमच्या वाकळींचे फोटो कॉम्प्युटरवर मांडणार, तिकडचे लोक घरात बसून बघणार आणि घरात बसूनच पैसे भरणार. तिचा टॅक्सीवाला आम्हाला समजावून सांगत होता.

"मावशी, ती म्हणतीया, तुमच्याच नावानं मांडू. पर पैसं घ्यायला तुमची कंपनी तिकडं पायजे."

"आमची कसली कंपनी रं? पाच बायका आन एक ताडपत्री."

"त्येच तर. हितल्या कंपनीला तिकडची मान्सं घरबसल्या पैसं भरू शकत न्हाईत."

मी साताऱ्याच्या बँकेत जाऊन विचारलं. साहेब वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, ती सोय तिथल्या बँका तिथल्याच कंपनीला देतात. तुम्ही गाव तरी बदला, नाहीतर गिऱ्हाईक."

तिथंच हा शेट भेटला. मागं उभा राहून ऐकत होता. त्याच्या मेव्हण्याची जर्मनीत कंपनी होती, शेट तिच्यात भागीदार. म्हणाला, "माल तुमचा, कंपनी आमची. तुम्ही नुसतं शिवा." आम्ही हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

वाकळी त्याच्या घरी जायला लागल्या. एकदा त्यानं मला कॉम्प्युटर दाखवला. मी दारात उभी, तो आत. पडद्यावर आमची वाकळ होती, आणि तिच्यावर त्याची बायको नऊवारी नेसून, नथ घालून बसली होती. वर त्याचं आडनाव. खाली त्याचा पत्ता.

"आमचं नाव कुठं हाय?" मी विचारलं.

"तिकडं तुमचं गाव कोणाला माहीत आहे?" तो हसला. मी घरी येऊन पुढची वाकळ शिवायला घेतली.

तर ती पायरी. मी कात्री उचलली. शेट आतून आला. म्हटलं, हा सांगेल की परदेशात असलं अन्न पाठवता येत नाही. तसं त्यानं सांगितलं असतं तर मी सगळे कोपरे उसवले असते आणि निमूट घरी गेले असते. खरंच गेले असते.

तो बायकोला म्हणाला, "अगं, उसवतीय ना ती? मग झालं."

ती म्हणाली, "म्हारांची भाकरी माझ्या कपाटात होती. सासूबाईंना कळलं तर त्या पाणी प्यायच्या नाहीत ह्या घरात."

तिनं दबकून नाही सांगितलं. भाजीत मीठ कमी आहे, असं म्हणावं तसं सांगितलं. मलाही तेव्हा काही वाटलं नाही. राग नाही, रडू नाही. मी एक कोपरा उसवला. दुसरा उसवला. घास तळहातावर घेतले. तिनं केराची सुपली पुढं केली.

"ह्यात टाक."

मी सुपलीकडं बघितलं. मग ते घास तोंडात टाकले. दगडासारखे होते. सावकाश चावले. ती बघत राहिली. तोही.

खाऊन झाल्यावर कात्री सुपलीत ठेवली आणि वाकळी बांधायला लागले.

"हे काय?" शेट म्हणाला. "कंपनी माझी आहे. पत्ता माझा आहे. तुझ्या पत्त्यावर तिकडचा पैसा येत नाही, कळतंय का?"

"कळतंय," मी म्हणाले. "वाकळी आमच्या हायत."

गठुडं डोक्यावर घेऊन स्टँडवर आले. मेढ्याच्या गाडीला वेळ होता. फडक्यात माझी भाकरी होती. तिचे दोन घास मोडून उसवलेल्या कोपऱ्यांत ठेवले आणि कोपरे शिवून टाकले. सुई-दोरा माझ्या बटव्यात कायम असतो. शेजारचा म्हातारा फौजी बघत होता.

वाड्यात माझ्याबरोबर शिवणारी सखू वैतागली. "आता गं? परत ताडपत्री?"

"परत ताडपत्री."

"आन ती गोरी? तिला काय सांगायचं?"

"सांगायचं, कंपनी हितं हाय. बौद्धवाड्यात."

गोरी पुढच्या वर्षी आली. तिनं दोन वाकळी घेतल्या, हातात पैसे दिले. कॉम्प्युटरवर आमच्या नावानं काही झालं नाही. सखूनं शिवणं सोडलं, ती उसाच्या कामाला गेली. मी तिला दोष देत नाही.

मी सोडलं नाही. अजून कोणी चांगलं गिऱ्हाईक येतं, दुसऱ्याच्या नावावर माल घालायला सांगतं. मी आधी वाड्याचं नाव सांगते. मग कोपरा दाबून दाखवते, आत भाकरी आहे म्हणून सांगते. ती कोणाच्या घरची, तेही सांगते.

एवढं ऐकून जो थांबतो, त्याच्यापुढं वाकळ उलगडते. बाकीच्यांना नाही.