आवाज मरतो ती दिशा

ती पेटी भंगारात जाणार नाही, हे मी भावाला दारातच सांगून टाकलं. एसटीतून उतरून तो रहाटणीतल्या माझ्या फ्लॅटच्या उंबऱ्यावर उभा होता. हातात गोणपाटात गुंडाळलेलं ओझं होतं आणि पायातली चप्पलही अजून काढली नव्हती.

"ताये, आधी पाणी तरी देशील का नाय?"

"पाणी देते. पेटी देत नाही."

आमचं घर रत्नागिरीकडचं, मासेमारीचं. बाबा गेल्यापासून धाकटा भाऊ आमच्या होडीचा तांडेल आहे, होडी आणि खलाशी तोच सांभाळतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या सवडीत तो दोन कामं घेऊन आला होता. उपग्रहावरून जागा दाखवणारं नवं यंत्र त्याने घेतलं होतं, ते मी तपासून द्यायचं. आणि बाबांचा दिशाशोधक रेडिओ पिंपरीतल्या कुठल्यातरी भंगारवाल्याकडे टाकायचा. आमच्या बंदरावर भंगारवाला नाही असं नाही. तिथे चारचौघांसमोर बाबांची पेटी टाकायची त्याला लाज वाटत असणार, असं मी तेव्हा धरून चालले.

पेटी म्हणजे एक जाडजूड रेडिओ. वर हाताने फिरवायचं मोठं कडं, कड्याखाली अंशांची तबकडी आणि कानाला लावायचा हेडफोन. तुमच्या घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर बघा, तो गोल फिरवताना एका जागी आवाज एकदम बारीक होतो. पेटीचं सगळं शास्त्र एवढंच. कड्याचं तोंड बरोबर रेडिओ केंद्राकडे आलं की आवाज मरतो. जिथे आवाज मरतो, ती केंद्राची दिशा. केंद्र समोर आहे की पाठीमागे, हे मात्र पेटी सांगत नाही. बाबांना त्याची कधी फिकीर नव्हती. "आपली जमीन कायम पूर्वेला," ते म्हणायचे. दिशा धरायची, दोरीला शिसं बांधून खोली मोजत यायचं, शिशाला चिखल लागला की बंदर जवळ. एकदा दाट धुक्यात बाबा असेच घरी आले. त्या दिवशी आईने चूल पेटवलीच नव्हती.

मी जुन्याला कवटाळून बसणारी बाई नाही. तळवड्यातल्या एका छोट्या युनिटात आम्ही ट्रकांचे ट्रॅकर बनवतो आणि मी ते तपासते. माझी भाकरी उपग्रहावरच भाजते. म्हणूनच मला त्याची ताकद माहीत आहे आणि त्याचा अशक्तपणाही. चाकणला गाड्या भरायला येणारे ड्रायव्हर काय करतात? पुलावाच्या पार्सलचा चांदीचा कागद ट्रॅकरच्या अँटेनावर गुंडाळतात. गाडी मालकाच्या नकाशावरून गायब! एकाला मी विचारलं, असं का करता? तो म्हणाला, "मॅडम, पोरगी बाळंत झाली होती. वाटेवरच गाव होतं. मालकाला इचारलं असतं तर न्हाईच म्हनला असता." मी तक्रार केली नाही. पण घरी येताना मनात आलं, वीस हजार किलोमीटरवरून आलेली खबर पुलावाच्या कागदाला हरते, आणि माझा भाऊ तेवढ्याच भरवशावर दर्यात जातो.

भावासमोर मी तेच करून दाखवलं. त्याचं नवंकोरं यंत्र गच्चीत चालू केलं आणि डब्यातल्या पोळीचा चांदीचा कागद अँटेनावर गुंडाळला. पडद्यावरची होडी गोठली.

"दर्यात कोण कागद गुंडाळायला येतंय गो?" तो म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. पण मीही हटणारी नव्हते. "गेल्या मोसमात असल्याच जुन्या यंत्राने होडी भाताच्या शेतात दाखवली होती, ते कोण सांगत होतं?"

"दोन तास दाखवली. मग आली परत पाण्यात."

"आणि त्या दोन तासांत धुकं असतं तर?"

त्याने अँटेनावरचा कागद सोडवला. मग म्हणाला, दीपगृहांचे रेडिओ कधीच बंद झाले, केंद्रंही एकेक करून बंद होतायत, पेटी ऐकणार कुणाचं? मी म्हटलं, एक केंद्र बोलतंय तोवर त्याचं ऐकायचं. ते गेलं तर दुसरं शोधायचं. सगळी गेली की मी स्वतः ती भंगारात नेऊन टाकेन, त्याच्या आधी नाही. सगळं जग एका वाटेने चाललंय म्हणून बाकीच्या वाटा मोडून टाकायच्या, हा शहाणपणा मला मान्य नाही. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मला एकच भाऊ आहे.

मग मी पेटी पुसली, बॅटरी जोडली, मुंबईचं केंद्र लावलं आणि हेडफोन त्याच्या कानावर चढवला. "शोध. जमलं नाही तर तुझं खरं."

तो कडं फिरवत राहिला. "इथं," म्हणाला. मी हेडफोन माझ्या कानाला लावला, निवेदक खणखणीत बोलत होता. मी मान हलवली. त्याने पुन्हा फिरवलं. "इथं." पुन्हा चूक. तिसऱ्यांदा त्याने हेडफोन काढून गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसला.

"ताये, मला सगळीकडं सारखंच लागतं."

मला आधी कळलंच नाही. तो पोरवयापासून इंजिनाशेजारी उभा राहिला, बाबा सुकाणू धरून वर असायचे. इंजिनाने त्याचे कान हळूहळू खाल्ले होते. "रोज लावून बघायचो पेटी," तो म्हणाला. "रोज कळायचं, आणखी थोडं गेलं. मला तिचं तोंड बघवत नाय." भंगारवाला इतक्या लांबचा का शोधला, ते आत्ता कळलं. बंदरावर कुणाला सांगणार नाहीस अशी त्याने मला शपथ घातली. बहिरा तांडेल म्हटलं की खलाशी दुसऱ्या होडीवर जातात.

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. त्या इंजिनाचा आला, आणि आमच्या घरातल्या या गप्प बसण्याच्या खोडीचा आला. पण नुसत्या रागाने काय होणार? दुसऱ्या दिवशी युनिटातून सुईचं एक जुनं मीटर आणलं, साहेबांना सांगून आणलं, आणि हेडफोनच्या जागी पेटीला जोडलं. आवाज मोठा असला की सुई उजवीकडे, आवाज मेला की सुई डावीकडे आडवी. कानाचं काम डोळ्याला दिलं, दुसरं काही नाही.

गच्चीवर भावाने कडं फिरवलं. सुई खाली आली, पुन्हा वर गेली, त्याने कडं जरा मागे घेतलं आणि सुई आडवी झाली. "सापडलं!" तो इतक्या जोरात ओरडला की समोरच्या इमारतीत कपडे वाळत घालणारी बाई थबकली. त्याने ऐटीत हात लांब करून दाखवलं, भोसरीकडे.

"मुंबई तिकडे कधी गेली रे?"

जन्मभर केंद्र पूर्वेला असायची सवय! इथे मुंबई पश्चिमेला आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. हसून हसून आमची दोघांची पुरेवाट झाली.

पण एक काम राहिलं होतं. होडीवरच्या लोखंडाने दिशा थोडी वाकते. म्हणून पेटी होडीत बसवली की होडी खाडीत गोल फिरवून, सुईचं म्हणणं कानाने पडताळून, चूक किती ते तबकडीवर रंगवावं लागतं. ते ज्याला ऐकू येतं त्यानेच करायचं. बाबांनी किनाऱ्यावर बसवून आम्हा दोघांना पेटी ऐकायला शिकवलं होतं, पण ते कान आता एकट्या माझ्याकडे उरले होते, आणि आमच्या बंदरावर बाईने होडीवर पाय ठेवायचा नसतो.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी पेटी घेऊन बंदरावर गेले. होडी पाण्यात उतरवली होती. मी होडीवर चढायच्या फळीकडे वळताच एक म्हातारे तांडेल आडवे आले. "बाय, तू खालीच थांब. मोसमाच्या तोंडावर नको. पोरग्याला सांग काय ते, तो करील."

माझ्या जिभेवर दहा उत्तरं होती. पण शपथ होती, म्हणून मी दात आवळून उभी राहिले.

भाऊ होडीवरून फळीपर्यंत आला. त्याने आधी आपल्या खलाशांकडे बघितलं, मग म्हाताऱ्यांकडे.

"तिला ऐकू येतं, काका," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला नाय."

आणि माझ्यासाठी हात पुढे केला.