दोन थेंब लॅव्हेंडर

साड्यांच्या घड्या घालताना हात गुंतलेले असतात, तोंड मात्र मोकळंच असतं. त्यामुळे सुरतेतल्या आमच्या उधन्याच्या पॅकिंग खात्यात किस्से साचायला वेळ लागत नाही. यंदा तर भाभीची बाटली आली आणि आमची चांदीच झाली.

भाभी म्हणजे आमच्या शेठची सून, हेतलभाभी. मनाने फार चांगली, फक्त तिला कुणाचं दुखलेलं बघवत नाही. तिने मोबाईलवर अरोमाथेरपीचा कोर्स केला आणि लॅव्हेंडर तेलाच्या बाटल्या घेऊन थेट आमच्या टेबलाशी आली. डोकं दुखो, जीव घाबरा होवो, झोप न येवो, सगळ्याला हेच तेल. रुमालावर नाहीतर उशीवर टाकायचं आणि हुंगायचं. किती? "बे टीपां, बस बे टीपां!" म्हणजे दोनच थेंब.

आता आम्ही खानदेशी माणसं. भाजीवर तवंग नसला तर तिला आजाऱ्याचं जेवण म्हणतो. दोन थेंबांनी काय होणार? निंबाबाईने अर्धी बाटली टाळूवर थापली. दुसऱ्या दिवशी टाळू लालभडक! भाभीने कपाळाला हात लावला. हे तेल नुसतं लावत नाहीत, खोबरेल तेलात मिसळावं लागतं, असं तिने समजावून सांगितलं.

निंबाबाई म्हणाली, "पण डोकेदुखी गेली हो. एवढी आग होतेय की दुखणं कुठं कळतंय?"

*

खरी गरज होती सिंधूबाईला. तिचा नवरा, आमचे अण्णा, बत्तीस वर्षं लूमवर, मागांच्या त्या खडखडाटात होते. गुडघे गेले तेव्हा शेठने त्यांना आमच्या गेटवर खुर्ची दिली. काम आरामाचं, पण तेव्हापासून त्यांची झोपच उडाली. रात्रभर छताकडे बघत पडायचे. एकदा सकाळी जिन्यात तोल गेला आणि भुवईला चार टाके पडले. त्या दिवसापासून सिंधूबाई फार घाबरली होती. घडी घालता घालता मध्येच उठून गेटवर नजर टाकून यायची. मला तर तिच्याकडे बघवत नव्हतं.

अण्णांना विचारलं तर एवढंच म्हणायचे, "घरात फार शांत आहे गं."

गोळ्या घ्यायला ते तयार नव्हते. मग उशीवर तेल टाकलं, रुमालावर टाकलं. उशीला छान वास आला आणि अण्णा तो वास घेत जागे राहिले.

*

भाभीही हट्टी. तिने वाफेचं मशीन आणलं. पाण्यात तेल टाकलं की धूर सोडतं, तसलं. दुपारच्या जेवणानंतर खात्यात अण्णांना मधोमध बसवलं, दारं लावली, डोळे मिटायला सांगितलं आणि हळू आवाजात बोलत मोठे श्वास घ्यायला लावले.

अर्ध्या तासाने शेठ आले. दारातच अण्णांनी त्यांना अडवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"शेठ, हळू. बाया झोपल्यात."

शेठने आत डोकावलं. आम्ही अकराजणी टेबलावर आडव्या, आणि साड्यांच्या गठ्ठ्यावर त्यांची सून.

त्या दिवसाचा माल ज्या व्यापाऱ्याकडे गेला, त्याने फोन करून विचारलं म्हणे, साड्या कुणाच्या न्हाणीघरात ठेवल्या होत्या?

*

आणि मग एका सोमवारी अण्णा कामावर उशिरा आले. आयुष्यात पहिल्यांदा! चेहरा टवटवीत, डोळ्यांतली लाली गायब. मागून सिंधूबाई हसत येत होती. तिला असं हसताना बघून मलाच रडू आलं.

भाभी धावत आली. सिंधूबाईने सांगितलं, रविवारी जेवून आडवे झाले ते थेट दिवेलागणीला उठले. आणि आज सकाळी पुन्हा डोळा लागला, म्हणून उशीर.

भाभीचे डोळे भरून आले. तिने मोबाईल काढला. तिच्या कोर्सच्या ग्रुपवर हा अनुभव टाकायचा होता. तेल नक्की कुठे टाकलं, उशीवर की रुमालावर, ते नीट सांग म्हणाली.

सिंधूबाईने पदर सावरला आणि मोबाईलकडे बघून सांगितलं, "माझ्या फॉल शिवायच्या मशीनला. गंजून बसलं होतं ना. दोनच थेंब टाकले भाभी, तर असं खडखडायला लागलं, की तिसऱ्या साडीला हे घोरायला लागले."